रेडिओतले सेल कोणी काढले?

आमच्या घरात गेली काही वर्षे एक शीतयुद्ध चालू आहे. एका बाजूला आमची ही, चिरंजीव, सूनबाई आणि बाहेरून पाठिंबा देणारे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्या बाजूला मी एकटा. भांडणाचे मूळ म्हणाल तर वीतभर लांबीचा, दोन सेलवर चालणारा एक काळा ट्रान्झिस्टर. घरातली ही एकमेव वस्तू अशी, की जिला वायर नाही, पासवर्ड नाही आणि माझ्याशिवाय कोणी वाली नाही.

"बाबा, मोबाईलमध्ये सगळं असताना हा डबा हवाय कशाला?" चिरंजीव विचारतात. हल्लीचे मुलगे बापाला प्रश्न विचारत नाहीत, निकाल सांगतात. शेवटी प्रश्नचिन्ह घालतात ते केवळ चांगले संस्कार म्हणून.

मोबाईलमध्ये सगळे आहे, मला मान्य आहे. घड्याळ आहे, टॉर्च आहे, बँक आहे, पंचांग आहे. माझी स्मरणशक्तीसुद्धा हल्ली तिथेच मुक्कामाला असते. तक्रार एवढीच, की बॅटरी संपली की हे सगळे एकदम जाते. पूर्वी दिवे गेले तर नुसते दिवेच जायचे. घड्याळ चालू असे, टॉर्च खुंटीला असे, रेडिओ बोलत असे. आता आपण घरातले सगळे सामान एकाच होडीत भरले आहे, आणि ती होडी रोज रात्री भिंतीला बांधून ठेवावी लागते.

हे ज्याला म्हातारचळ वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावे. पण तो गृहस्थ बदलापुरात राहत नसावा. निदान पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला तर नक्कीच नसावा.

ट्रान्झिस्टर म्हणजे काय चीज होती, हे या मंडळींना सांगून पटत नाही. खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर अमेरिकेत १९५४ साली विक्रीला आला. तिथून आमच्या गिरगावातल्या चाळीपर्यंत यायला त्याला सोळा-सतरा वर्षे लागली. वडिलांनी आणला तेव्हा त्याला चामड्याचे, जाळीदार भोकांचे कव्हर होते आणि खांद्याला अडकवायला पट्टा. रेडिओला तेव्हा परवाना लागे, बंदुकीला लागतो तसा! पोस्टात रांग लावून, पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ते लचांड सुटायला १९८० चे दशक उजाडावे लागले. सरकारी परवाना घेऊन घरात आलेली वस्तू म्हणून आम्ही मुले तिच्याकडे जरा अंतर राखूनच बघत असू.

२४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. आदल्या दिवशी ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा १०१ धावांत खुर्दा केला होता. जिंकायला १७३ हव्या होत्या. तिकडे कोणा भक्तांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली, आणि इकडे वडिलांनी आरतीच्या तबकाशेजारी ट्रान्झिस्टर ठेवला. आवाज बारीक, कारण आजी. अबीद अलीने विजयी चौकार मारला तेव्हा आमची आरती अर्ध्यावर होती. त्यानंतर घंटा कोणी आणि कोणासाठी बडवली ते बाप्पालाच ठाऊक. आजीला मात्र वाटले, यंदा मुलांत भक्ती वाढली.

पुढे गिरगाव सुटले आणि आम्ही बदलापूरला आलो. मुंबईपासून रेल्वेने ६८ किलोमीटर. नातेवाईक विचारत, "कर्जतच्या अलीकडे की पलीकडे?" वडिलांचा ट्रान्झिस्टर बरोबर आला, माळ्यावर गेला आणि तिथेच वारला. दोष आमचाच. आत सेल तसेच राहिले, ते पाझरले, आणि पत्र्यांवर हिरवा-पांढरा भुगा साठून सगळे खाऊन गेले. तेव्हापासून मी एक नियम केला: महिनाभर रेडिओ लागणार नसेल तर सेल काढून ठेवायचे. पण रेडिओच्या शेजारी, त्याच पिशवीत! भिंतीवरच्या घड्याळात नव्हे. या नियमाचा पुढचा अर्धा भाग आमच्या घरात कोणालाच ऐकू आलेला नाही.

दुसरा रेडिओ घ्यायची बुद्धी झाली ती २००५ साली. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा तुम्हांलाही पाठ असेल. इकडे उल्हास नदीने काय केले, ते मात्र मुंबईकर कधी विचारत नाही. त्या रात्री मी ठाण्याला अडकलो होतो. फोन मुके. घरी माणसे आहेत की नदी आहे, हे कळायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. ही त्या रात्रीबद्दल अजून फार बोलत नाही. एवढेच म्हणते, "अंधारात नुसता पाण्याचा आवाज येत होता हो. माणसाचा आवाज कुठलाच नव्हता."

पाणी ओसरल्यावर मी उठलो तो थेट उल्हासनगरला गेलो. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे, आणि करून झाल्यावर खरेदीला तिथेच गेलो आहोत. फाळणीत घरदार सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या माणसांनी हा बाजार उभा केला. त्यामुळे मी हसतो, पण बेताने.

"रेडियो? ये लीजिए अंकल," दुकानदार म्हणाला, "इसमें टॉर्च भी है, सायरन भी है, घड़ी भी है, बारह बैंड है."

"और रेडियो?"

"वो तो है ही."

बारा बँडांना भुलू नका. त्यातले बहुतेक शॉर्ट वेव्हचे असतात, आणि शॉर्ट वेव्हवर आता बहुतांशी समुद्राची गाज ऐकू येते. मी भुललो. नावाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त असलेला तो सेट घरी आणला, सायरनच्या बटणावर शेजारच्या पोराचे बोट पडले आणि मध्यरात्री सगळी इमारत जिन्यात आली. टॉर्चने चार दिवसांत सेल पिऊन टाकले. पाचव्या दिवशी मी परत गेलो आणि एकाच कामाचा रेडिओ मागितला. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी नुसते पाणी प्यायला हॉटेलात शिरलो होतो.

या खेपेला मात्र मी रेडिओ पारखून घेतला. दुकानात ट्यूबलाइटखाली मिडियम वेव्ह लावली तर नुसती भजी तळल्याचा आवाज येतो, म्हणून सेट घेऊन फुटपाथवर आलो आणि छातीशी धरून स्वतःभोवती गोल फिरलो. यात वेडेपणा काही नाही. आत फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. मिडियम वेव्हची एरियल ती. वर खेचायची चकचकीत काठी असते तिचा मिडियम वेव्हशी काही संबंध नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. कांडीचे टोक केंद्राकडे झाले की आवाज बसतो, कूस केंद्राकडे झाली की खुलतो. सेट फिरवल्यावर हा फरक नीट कळला तर रेडिओ चांगला. हे शास्त्र मी हिला समजावून सांगणार होतो, पण ती तोवर समोरच्या साडीच्या दुकानात शिरून माझी ओळख नाकारत होती.

शिवाय काटा हवा, आणि तो फिरवायला मोठी चकती. अंधारात, भिजलेल्या बोटांनी, चष्म्याशिवाय लागला पाहिजे. सेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात तेच हवेत. हल्ली आतच बॅटरी बसवून वायरने चार्ज करायचे सेट मिळतात. असला रेडिओ घेणाऱ्याने सरळ दुसरा मोबाईल घ्यावा, म्हणजे दिवे गेल्यावर दोन वस्तू बंद पडल्याचे समाधान मिळेल.

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप करून मिळाले काय? तर २७ जुलै २०१९ ची सकाळ सांगतो. रात्रभर पाऊस, दिवे गेलेले. तळमजल्यात पाणी, म्हणून खालच्या ऐंशी उलटलेल्या काकूंना आमच्याकडे पहिल्या मजल्यावर आणून झोपवले होते. चिरंजीवांच्या मोबाईलवर अखेरचा संदेश आला, 'धरण फुटलंय!!! पुढे पाठवा', आणि टॉवर गेला. कोणते धरण, कोणी पाहिले, काही पत्ता नाही. जिन्यात एकच गिल्ला झाला. तिघा तरुणांनी ठरवले, काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि छातीभर पाण्यातून रस्त्यापर्यंत न्यायचे. मुले चांगली होती, हेतू चांगला होता, आणि बाहेर गल्लीतून सिलिंडर वाहत चालले होते.

मी ट्रान्झिस्टर लावला. सकाळच्या मराठी बातम्या चालू होत्या. पावसाच्या होत्या, रेल्वेच्या होत्या. धरण फुटल्याचा शब्द नव्हता. "अरे, धरण फुटलं असतं तर बातम्यांची सुरुवातच तिथून झाली असती ना?" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच माझा मुद्दा कोणीतरी ऐकून घेतला. खुर्ची खाली ठेवली गेली. काकू उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मेल्यांनो, लग्नातसुद्धा मला कोणी उचललं नव्हतं!"

मग डोक्यावर हेलिकॉप्टर आले. ते कशासाठी, हे गच्चीवरच्या माणसांना कळेना. कळले ते पुढच्या बातम्यांत. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्या पलीकडे, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पाण्यात उभी होती. आत हजारावर प्रवासी. होड्या आल्या, जवान आले, गावकरी धावले, दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर. आमच्या हाकेच्या अंतरावरची गोष्ट आम्हांला आकाशवाणीने सांगितली, आणि गच्चीवर ती मोठ्याने मी सांगितली. दिवसभर माझा भाव वधारलेला होता.

रेडिओची बाजू घेतो म्हणून त्याचे दोष लपवत नाही. आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी लागले होते तेव्हा तो मोठ्या गांभीर्याने 'जोरदार पावसाची शक्यता' सांगत होता. आमच्या गल्लीचे त्याला काही ठाऊक नव्हते. पण जे ठाऊक नाही ते पुढे पाठवा, असेही तो म्हणाला नाही.

त्याच वर्षी सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला: सोसायटीसाठी एक ट्रान्झिस्टर आणि डझनभर सेल, खर्च रुपये सहाशे पन्नास. सेक्रेटरी म्हणाले, "काका, काळ कुठे चाललाय!" आणि सहा कॅमेऱ्यांचा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. पुढचा पूर कसा आला हे त्यांत अगदी स्पष्ट दिसेल, दिवे असले तर.

आणि खरी चीड मला सेक्रेटरींची नाही. मी रेडिओ राखला, पण तिकडे बोलणाराच आवरते घेतो आहे. देशातली मिडियम वेव्हची कितीतरी जुनी प्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत बंद झाली. म्हणे एफएमचा आवाज स्वच्छ. स्वच्छ आहेच, पण डोंगराआड जात नाही. मिडियम वेव्ह जमीन धरून दूरवर जाते. २८ एप्रिल २०२३ ला देशभरात एकाच दिवशी एफएमची ९१ केंद्रे सुरू झाली, प्रत्येकी १०० वॅटची. ज्या गावांना ती मिळाली त्यांना लाभोत. पण १०० वॅट म्हणजे आमच्या मोरीतल्या जुन्या दिव्याएवढे! त्याच वर्षी सरकारने मोबाईल कंपन्यांना कळवले, की फोनमधला एफएम बंद करून ठेवू नका, संकटात उपयोगी पडतो. वा! फोनमधल्या एफएमला एरियल म्हणून इयरफोनची वायर लागते, आणि ती खुपसायचे भोकच कित्येक फोनांतून गेले आहे. विहीर बुजवून पोहरा ठेवायचा, आणि पोहऱ्याचीही दोरी कापायची.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्ही एवढं चिडता, पण वर्षातून किती दिवस लागतो हो तो रेडिओ?" दोन दिवस लागतो. खालच्या काकूही वर्षातून एकदाच पडतात, म्हणून जिन्याचा कठडा काढलेला नाही.

परवा बाहेर आभाळ भरून आले म्हणून मी पिशवी काढली. रेडिओ होता, सेल नव्हते. हॉलमधले घड्याळ मात्र झकास चालले होते, आणि टीव्हीचा रिमोटही. "अहो, दोनच तर घेतले," ही म्हणाली, "एक इकडे, एक तिकडे. तुमचा तो काय, बंदच असतो."

छत्री घेऊन वाण्याकडे निघालो आहे. चार आणतो. दोन पिशवीत, दोन माझ्या उशाखाली.