जोर नको, निदान हवं
इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारवर जीव असणाऱ्यांनी थ्रॉटलच्या स्प्रिंगला क्षुल्लक समजू नये. पाय उचलूनही इंजिन घोंघावत राहिलं, की पुष्कळजण अधिक ताठ स्प्रिंग बसवून मोकळे होतात. त्यानं पेडल जड होतं, थ्रॉटलचा दांडा एकाच बाजूला ओढला जाऊन झिजतो, त्या फटीतून हवा शिरते आणि आयडलिंग बिघडतं. आधी इंजिन बंद ठेवून केबल सोडावी, जुळ्या एसयू कार्ब्युरेटरचे दांडे हातानं फिरवावेत. अडकतंय कुठे, ते बोटांना कळतं. केबल आणि सांधे साफ करून मगच मूळ ताकदीची नवी स्प्रिंग लावावी. दुखणं शोधणं हीच जुन्या यंत्राची खरी सेवा.