बटणावरचा हात

बीबीसीच्या लंडनमधल्या स्टुडिओत 1942 साली काढलेले एक छायाचित्र आहे. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या कवयित्री ऊना मार्सन अशी मंडळी बसली आहेत. मागे उंच, किडकिडीत जॉर्ज ऑर्वेल उभा आहे. बसलेल्यांत एक मराठी बाई आहेत, शिरोळला जन्मलेल्या वेणू चितळे. ऑर्वेल तेव्हा बीबीसीच्या पूर्व विभागात नोकरीला होता. महायुद्धाच्या घडामोडींवर तो इंग्रजीत वार्तापत्रे लिहून देई आणि त्यांचे अनुवाद मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांतून हिंदुस्थानाकडे प्रसारित होत. मराठीच्या कामात चितळे होत्या. पुढे जगभर ज्याच्या नावाने हुकूमशाहीचे वर्णन होऊ लागले, त्याचा मजकूर युद्धाच्या त्या दिवसांत मराठी घरांत मराठीतून ऐकू येत होता.

हा मजकूर सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय स्टुडिओत जात नसे. शिक्का मिळाल्यावरही काम संपत नसे. कार्यक्रम चालू असताना मंजूर संहिता समोर ठेवून एक माणूस ऐकत बसे. बोलणारा त्या संहितेपासून ढळला, तर त्याने बटण दाबून आवाज तोडायचा, एवढेच त्याचे काम. त्याला ‘स्विच सेन्सॉर’ म्हणत. ब्रिटन फॅसिझमविरुद्ध लढत होते आणि युद्धकाळात शत्रूच्या कानी काही पडू नये ही काळजी रास्त होती, हे मान्य करायलाच हवे. तरीही बोलणाऱ्याच्या दृष्टीने स्थिती अशी, की आपण बोलतो आहोत ते बाहेर पोचते आहे की नाही, हे दुसऱ्याच कोणाच्या बोटावर अवलंबून. ऑर्वेलने 1943 मध्ये ती नोकरी सोडली. 8 जून 1949 रोजी त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि सात महिन्यांनी, 21 जानेवारी 1950 रोजी, क्षयाने तो गेला. वय अवघे 46.

25 जून 1903 रोजी बिहारमधल्या मोतिहारीत ऑर्वेलचा जन्म झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. आणि 1975 मध्ये याच तारखेच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. तारखांचा हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्या रात्री दिल्लीत जे घडले ते या लेखकाच्या वाचकाने नीट पाहण्यासारखे आहे. बहादूरशाह जफर मार्गावर अनेक वृत्तपत्रांची कार्यालये आणि छापखाने होते. तिथली वीज तोडली गेली आणि दुसऱ्या दिवशीचे अंक निघाले नाहीत. ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांचा वीजपुरवठा वेगळ्या यंत्रणेकडून होता, म्हणून ते निघाले. ना कोणती गुप्त यंत्रणा लागली, ना संगणक. विजेची कळ सरकारच्या हातात होती आणि ती का दाबली हे विचारायची सोय उरली नव्हती, इतके पुरेसे ठरले. सकाळी आकाशवाणीवरून देशाला पंतप्रधानांचा आवाज ऐकू आला. आकाशवाणीची कळही त्याच हातात होती.

तंत्रज्ञानाच्या दुरुपयोगाची भीती घालणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा भाकिताच्या अंगाने. अमक्याने कॅमेरे आधीच सांगितले होते, तमक्याने यंत्रमानव. आम्हाला ही वाचनाची पद्धत तोकडी वाटते. ‘नाइन्टीन एटी-फोर’मधला ‘टेलिस्क्रीन’ यंत्र म्हणून काही फार अद्भुत नाही. भिंतीवर बसवलेला पडदा, जो दाखवतोही आणि पाहतोही. त्याची दहशत दोन गोष्टींत आहे. एक, या क्षणी आपल्याकडे कोणी पाहते आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून सतत कोणीतरी पाहत असल्यासारखेच वागावे लागते. दोन, तो बंद करता येत नाही. आवाज कमी होतो, पडदा विझत नाही. आणि मग कादंबरीत तो प्रसंग येतो, जो वाचताना अंगावर काटा येतो: ओब्रायन हा वरच्या वर्तुळातला अधिकारी आपल्या घरातला पडदा सहज बंद करतो. कादंबरीचा नायक विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया थक्क होतात. असे करता येते हेच त्यांना ठाऊक नव्हते. सत्ता म्हणजे काय, हे त्या एका हालचालीत जितके कळते तितके पुढच्या छळाच्या प्रकरणांतही कळत नाही. बटण होतेच. ते यांच्यासाठी नव्हते.

विन्स्टनची नोकरीही पाहा. जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आजच्या धोरणाला जुळतील अशा बदलायच्या आणि मूळ कागद भिंतीतल्या फटीत टाकायचा. तो थेट भट्टीत जातो. जुलै 2009 मध्ये अॅमेझॉनने विक्रीच्या हक्कांवरून वाद उद्भवल्यावर ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या याच कादंबरीच्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या कपाटातले पुस्तक नेणारा हात घराबाहेरून आत पोचतो, हे त्या दिवशी वाचकांना पहिल्यांदा दिसले.

हे सारे दूरचे आणि जुने वाटत असेल, तर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेला एक प्रकार पाहू. त्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. फोन येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर बनावट खाते उघडले आहे, असे सांगितले जाते. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी मांडणी, कधी न्यायाधीशाचा झगा घातलेला कोणी. हुकूम असा, की कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, कोणाला सांगायचे नाही. आणि निवृत्त प्राध्यापक, बँकेतले माजी अधिकारी, डॉक्टर, शिकलेसवरलेले लोक दिवसचे दिवस त्या फोनसमोर बसून राहतात. जेवताना फोन समोर. झोपताना फोन उशाशी, कॅमेरा आपल्याकडे वळवलेला. मुलगा शेजारच्या खोलीत असतो आणि आई त्याला हाक मारत नाही. मुदत ठेवी मोडल्या जातात, पैसे सांगितलेल्या खात्यांत जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावे लागले, की कायद्यात अशी कोणतीही अटक नाही.

या फसवणुकीचा विचार करताना आपण चोरांच्या चलाखीपाशी थांबतो आणि फसलेल्यांना भोळे ठरवून मोकळे होतो. हा अन्याय आहे. ही माणसे भोळी नाहीत. चोरांनी त्यांच्यासमोर उभे केलेले राज्य त्यांना खरे वाटले, कारण खऱ्या राज्याचा अनुभवही त्याहून फार वेगळा नव्हता. नाव न सांगणारा आवाज. कशाबद्दल आरोप आहे ते न कळणारी नोटीस. कागद कुठे दाखवायचा याचा पत्ता नाही. खाते एकाएकी गोठते आणि शाखेत विचारले तर ‘वरून झाले आहे’ असे उत्तर मिळते. ज्या नागरिकाला ‘तुम्ही कोण, कोणत्या कलमाखाली, मला लेखी द्या’ एवढे विचारायची सवय आणि हिंमत असते, त्याच्यावर हा प्रयोग पहिल्या पाच मिनिटांत फसतो. ती सवय आपण लावलीच नाही. विन्स्टनच्या भिंतीवर पडदा सरकारने लावला होता. इथे तो हप्त्यावर विकत घेतलेला, स्वतःच्या हातातला होता आणि बंद करायचे बटण अंगठ्याखाली होते. तरीही ते दाबले गेले नाही.

माणूस इथवर कसा येतो, हे ई. एम. फॉर्स्टरने 1909 मध्येच एका दीर्घकथेत लिहून ठेवले आहे. ‘द मशीन स्टॉप्स’ हे तिचे नाव. माणसे जमिनीखाली एकेका खोलीत राहतात. अन्न, हवा, संगीत, व्याख्याने, दूरच्या माणसांचे चेहरे, सारे यंत्र पुरवते. एक दिवस संगीतात खरखर येऊ लागते. वाश्टी नावाची बाई दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. लवकरच दुरुस्त होईल, असे उत्तर येते. ती वरच्या समितीकडे जाऊ पाहते, तर तक्रार यथावकाश पुढे पाठवू असे सांगतात. खरखर चालूच राहते. काही काळाने लोकांना ती जाणवेनाशी होते. मग पाण्याला वास, मग हवा कोंदट. प्रत्येक बिघाडाची आधी तक्रार होते, मग त्याची सवय होते. यंत्र थांबते ते अगदी शेवटी. आमच्या मते या प्रकारच्या साहित्यात याहून खरे काही लिहिले गेलेले नाही.

रेशन दुकानाच्या रांगेत ही खरखर ऐकू येते. ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवायचा, तो जुळला की धान्य. आयुष्यभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा ठेवते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते. मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताची. दुकानदार म्हणतो, ‘मशीन घेत नाही मावशी, मी काय करू, परवा या.’ त्याचेही खरे आहे, यंत्र त्याचे नाही. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची पर्यायी सोय आहे, पण मोबाइल मुलाकडे आणि मुलगा पुण्याला. बनावट शिधापत्रिकांना आळा बसावा म्हणून हे यंत्र आले आणि ते कारण योग्यच होते. पण धान्य नाकारले गेले हे सांगणारा सही-शिक्क्याचा कागद त्या बाईच्या हाती येत नाही. नकार कोणी दिला, याचे उत्तर ‘सर्व्हर’. तहसीलदाराच्या सहीने नकार मिळाला असता, तर अपील तरी करता आले असते.

जबाबदार कोणीच नसण्याची ही स्थिती साहित्याला नवी नाही. कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात (प्राग, 1921) यंत्रमानवांचा कारखाना चालवणारे दुष्ट नाहीत. मागणी वाढत जाते, सरकारे सैनिक म्हणून यंत्रमानव विकत घेतात आणि उत्पादन थांबवणे कोणाच्याच हातात राहत नाही. जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानवाचाच विषय मराठीत आणला, जमिनीत पुरलेल्या एका प्राचीन, अतिप्रगत संस्कृतीच्या ज्ञानाच्या निमित्ताने. विज्ञानावर निस्सीम प्रेम असलेला हा शास्त्रज्ञ विज्ञानाच्या नावाने भीती विकणारा नव्हता, म्हणून त्याने घातलेला सावधगिरीचा शब्द जास्त मोलाचा.

पुस्तकांबाहेरही, आणीबाणीत महाराष्ट्राने प्रश्न विचारणारी माणसे पाहिली आहेत. डिसेंबर 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना, अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाचा मजकूर अडवणारे सेन्सॉरचे आदेश रद्द केले. तिथे आदेश देणारा अधिकारी होता, त्याला नाव होते, त्याला न्यायालयात प्रतिवादी करता आले. आज एखाद्याचा चेहरा संशयिताशी जुळतो असे संगणकाने सांगितले, तर प्रतिवादी कोणाला करायचे? ज्याने कॅमेरा लावला त्याला, ज्याने प्रणाली विकली त्याला, की ज्याने ती जुळणी खरी मानून दारावर थाप मारली त्या शिपायाला?

हा प्रश्न आता आपल्या राज्याचाही आहे. पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. सायबर चोरांचा माग काढायला अशी साधने पोलिसांना हवीतच, वर सांगितलेल्या आईचे पैसे परत मिळायचे असतील तर त्यांच्याशिवाय चालणार नाही. पण ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच कायद्याने सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राला दिला. इतकेच नाही, त्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्यातले 8(1)(j) हे कलम बदलून ‘वैयक्तिक माहिती’ या कारणाखाली माहिती नाकारण्याची वाट रुंद केली. म्हणजे नागरिकाची माहिती सरकारला अधिक दिसेल आणि सरकारची नागरिकाला कमी. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, 2002 मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथे याविरुद्ध आवाज अधिक मोठा उठायला हवा होता.

‘मार्व्हल’कडे कोणत्या नागरिकांची कोणती माहिती जाते, ती किती काळ ठेवली जाते, चेहरा चुकीचा जुळला तर ती चूक दुरुस्त करून घ्यायला सामान्य माणसाने कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या खोलीत जायचे आणि उत्तर किती दिवसांत लेखी मिळणार, याचे निवेदन गृहखात्याने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे. अन्न व नागरी पुरवठा खात्याने अंगठा न जुळल्यामुळे परत पाठवलेल्यांची दुकानवार नोंद आणि प्रत्येक नकाराची पावती सक्तीची करावी. आणि सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाकांवरच्या आमदारांनी अधिवेशन संपण्याआधी हे मागून घ्यावे.