डब्यातली शतावरी आणि हरवलेला सव्वा महिना

दूध पुरत नसल्याची बाळंतिणीने तक्रार केली, की पूर्वी घरात हाळिवाचे व डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, खसखशीची खीर यांची तजवीज होत असे. आता शहरात शतावरी कल्पाचा डबा आणला जातो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.

शतावरीचा गुण मात्र डब्यावरील मजकुराइतका ठाम नाही. १९९६ मध्ये ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषधाचा वेगळा परिणाम आढळला नाही. २०११ मधील साठ मातांच्या चाचणीत दूधनिर्मितीला चालना देणारे प्रोलॅक्टिन वाढल्याचे दिसले. दूध वाढविणाऱ्या औषधांवरील ४१ चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ने २०२० मध्ये घेतला, तेव्हा पुरावा अत्यंत कमी खात्रीचा असल्याचे नमूद केले. म्हणजे शतावरी निरुपयोगी ठरलेली नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवावी असेही काही हाती नाही.

शरीराचा हिशेब साधा आहे. बाळ जितके दूध ओढते, तितके ते तयार होते. स्तनात दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. त्यामुळे बाळाला छातीशी नीट लावणे, दिवसरात्र मागेल तेव्हा पाजणे हाच पहिला उपचार. वजन वाढत असेल आणि बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करत असेल, तर दूध बहुधा पुरते आहे. केवळ रडण्यावरून वरचे दूध सुरू केले, की आईचे दूध खरोखरच कमी होते.

जुन्या उपचारात लाडवांबरोबर सव्वा महिन्याची विश्रांतीही होती. बाजाराने लाडू डब्यात भरला. विश्रांती डब्यात मावणारी नव्हती.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली अनेक अर्भके सापडली. मुलाचे पहिले वर्ष किती नाजूक असते, याची ती साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीची नोंद. आज शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात ऊस उभा आहे, आणि शेतमजूर स्त्रीला मजुरी बुडवून घरी बसणे परवडत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची रजा आस्थापनांतील नोकरदार स्त्रियांसाठी आहे. मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात; त्यात किती दिवसांची मजुरी भरून निघते, हे सांगायला नको.

नवजात बालकांच्या गृहभेट योजनेत, रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा सेविकेने ४२ दिवसांत सहा भेटी देणे अपेक्षित आहे. हा काळ जवळपास सव्वा महिन्याचाच. या भेटींत वजनाच्या नोंदीबरोबर बाळ प्रत्यक्ष पिताना पाहिले जाते का, याची तपासणी आरोग्य विभागाला करता येईल. त्यासाठी नव्या औषधाची गरज नाही.