अन्ननलिकेचा कर्करोग: सीटी स्कॅनकडून नेमकी अपेक्षा कशाची?

भारतात २०२० साली अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ६३ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी या रोगाने सुमारे ५८ हजार मृत्यू झाले, असा ‘ग्लोबोकॅन’चा अंदाज आहे. हे दोन आकडे इतके जवळ येण्यामागे उशिरा होणारे निदान हे मोठे कारण आहे. अन्ननलिका लवचीक असते. घास अडकू लागेपर्यंत गाठ बरीच वाढलेली असते.

या रोगाचे निश्चित निदान एंडोस्कोपी आणि बायोप्सीनेच होते. सीटी स्कॅनचे आजवरचे काम त्यापुढचे: रोग लसिकाग्रंथी, यकृत वा फुप्फुसांपर्यंत पोहोचला आहे का, हे पाहणे. ताणलेल्या निरोगी अन्ननलिकेची भिंत साधारणतः ३ मिलिमीटरहून पातळ असते. तिच्या आतल्या अस्तरापुरता मर्यादित असलेला कर्करोग सीटीच्या चित्रात डोळ्यांना सहसा दिसत नाही.

मग सीटीचा लवकर निदानासाठी उपयोग कसा? २०२२ साली चिनी संशोधकांनी एक वेगळा मार्ग मांडला. अन्य कारणांसाठी काढलेल्या छातीच्या साध्या सीटी चित्रांत संगणकाने संशयास्पद अन्ननलिका शोधावी, अशी ही कल्पना आहे. त्यासाठी रुग्णावर जादा किरणोत्सर्गाचा भार पडत नाही, हा तिचा मोठा गुण.

परंतु परदेशी चित्रांवर शिकलेली प्रणाली येथे जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरेल. भारतात क्षयरोग व्यापक आहे आणि त्याने सुजलेल्या छातीतील लसिकाग्रंथी कर्करोगाचा आभास निर्माण करू शकतात. म्हणूनच कोलकात्यातील टाटा मेडिकल सेंटर आणि आयआयटी खरगपूर यांनी उभारलेल्या ‘छवी’ या कर्करोग-प्रतिमासंग्रहासारख्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. अशा संग्रहांत अन्ननलिकेची सीटी चित्रे, रुग्णाची ओळख वगळून पण बायोप्सीच्या निष्कर्षासह, साठत गेली, तरच येथील रुग्णांवर अशा प्रणालीची खरी परीक्षा घेता येईल.

तेवढ्यानेही प्रश्न सुटणार नाही. एखादी प्रणाली निरोगी व्यक्तींपैकी ९९ टक्क्यांना अचूक ‘निरोगी’ ठरवते असे मानले, तरी १० हजार निरोगी व्यक्तींमागे १०० जणांवर विनाकारण संशय येईल. त्यांची एंडोस्कोपी कोण आणि किती दिवसांत करणार? महानगरात याचे उत्तर सापडेल. सुंदरबन वा पुरुलियातून येणाऱ्या रुग्णासाठी ते सोपे नाही. संशय व्यक्त करणारे यंत्र आणि त्याचे निरसन करणारी एंडोस्कोपीची सोय, या दोहोंचे नियोजन एकत्रच व्हायला हवे. अन्यथा संशय लवकर येईल, निदान मात्र पूर्वीइतकेच उशिरा होईल.