बोटे निष्काळजीपणाने तुटत नाहीत

पॉवर प्रेस हे पत्रा कापणारे, वाकवणारे यंत्र. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथल्या छोट्या शेडमध्ये गाड्यांचे बारीकसारीक पार्ट याच्यावर निघतात. ऑपरेटर हाताने डायमध्ये (खालच्या साच्यात) पत्रा ठेवतो, पायाने पेडल दाबतो आणि रॅम, म्हणजे वरचा जड भाग, खाली येतो. जुन्या पिन-क्लच प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. क्लचची की किंवा स्प्रिंग झिजली असेल तर पेडल न दाबताही रॅम पुन्हा बसतो. नेमका तेव्हाच माल काढणारा हात डायमध्ये असतो.

अपघातानंतर कारण सांगितले जाते: कामगाराचा निष्काळजीपणा. ही शुद्ध पळवाट आहे. पाळीभर तीच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष कधीतरी ढळणारच, आणि गार्ड असतो तो त्याच क्षणासाठी. पिन-क्लचवर लाइट कर्टन (हात मध्ये आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवून भागत नाही, कारण सुटलेला स्ट्रोक तो थांबवू शकत नाही. तिथे बोट आत जाणारच नाही अशी पक्की जाळी लागते. पण जाळीमुळे नगामागे एक-दोन सेकंद जातात, म्हणून ती काढून कोपऱ्यात टाकली जाते. पेडलऐवजी दोन हातांची बटणे असतील, तर त्यांपैकी एक टेप लावून कायमचे दाबून ठेवतात. हे सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत होते, कारण टार्गेट त्यानेच दिलेले असते.

यंत्राच्या धोकादायक भागाला मजबूत आवरण हवे आणि यंत्र चालू असताना ते जागेवरच हवे, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 ने बजावले. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेत मात्र विजेवर चालणारा कारखाना ठरायला 10 ऐवजी 20 कामगार लागतात. बोटे याहून लहान शेडमध्येही जातात. ही सवलत मालकाला मिळाली, किंमत कामगाराने मोजायची.

कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी कायद्यात जी अनुसूची आहे, तिच्यात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असे धरतात, अंगठा गेला तर 30 टक्के. हात हेच ज्याचे भांडवल, त्याचे खरे नुकसान या आकड्यांत मावत नाही.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या कारखान्यात कामावरच्या दुखापतीचे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते, ठेकेदाराच्या कामगारालाही. मालकाने नाव नोंदवले नव्हते म्हणून हा हक्क बुडत नाही. प्रेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपला ईएसआय नंबर आजच मागून घ्यावा, आणि जाळी नसलेल्या प्रेसवर बसायला सर्वांनी मिळून नकार द्यावा.