विमानतळावर फास्ट ट्रॅकचे पैसे भरायचे का?

वर्षातून दोन-चारदा पुणे-दिल्ली करत असाल, तर माझं मत सरळ आहे: नको. डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेलं डिजियात्रा फुकट आहे. आधार जोडा, बोर्डिंग पास टाका, चेहरा दाखवून आत जा. पुढे ट्रे, एक्स-रे आणि सीआयएसएफची झडती सगळ्यांना सारखीच. पैसे भरून कमी होते ती तिथवरची रांग. मीही एकदा भरले. लॅपटॉप बॅगेतच राहिला, बॅग परत फिरवली, वाचलेला वेळ तिथेच गेला! हां, महिन्याला पाच-सहा फेऱ्या असतील तर जरूर भरा. पण आधी तुमच्या एका तासाची किंमत कागदावर काढा. काढली आहे का कधी? आणि भरलेच, तर बिलावर जीएसटी नंबर टाकायला विसरू नका.