पहिल्या वर्षाचा गुरू

कृषि पदविका पदरी पडली, नेमणुकीचा हुकूम हाती आला, की तरुण कार्यकर्ता गावात येतो तो सांगण्याच्या तयारीने. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात त्याच्या वाट्याला एकच गाव येते असे नाही. डोंगरउतारावर विखुरलेली अनेक गावे व पाडे येतात. पहिला पाऊस पडण्यापूर्वीच बियाणे, रोपवाटिका, खते आणि शासकीय योजना यांविषयी त्याने लोकांस मार्गदर्शन करावे अशी अपेक्षा असते. त्याच्या विद्येत उणीव नसते. उणीव असते ती त्या मातीच्या ओळखीची, आणि ही ओळख ज्यांना आहे त्यांच्या सहवासावाचून ती होत नाही. म्हणून नव्या कार्यकर्त्याने सल्ला देण्यास आरंभ करण्यापूर्वी आपल्यासाठी गुरू शोधावा. ही सोयीची गोष्ट नसून त्याच्या कर्तव्याचाच भाग होय.

कर्तव्य म्हणण्याचे कारण असे की या व्यवसायात शिकाऊ माणसाच्या चुकीची किंमत दुसराच मोजतो. सुताराच्या हाताखालच्या पोराने फळी बिघडवली तर नुकसान सुताराचे होते. विस्तार कार्यकर्त्याचा सल्ला चुकला तर त्याचे वेतन कमी होत नाही; शेतकऱ्याचे वर्ष मात्र बुडते.

भाताच्या जातीचेच उदाहरण घ्यावे. हळव्या जाती साधारणतः चार महिन्यांच्या आत तयार होतात, तर गरव्या जातींना साडेचार महिने वा अधिक काळ लागतो. गरव्या भाताचे उत्पन्न अधिक, हे पाहून नवखा कार्यकर्ता सरसकट त्याचीच शिफारस करण्याचा संभव असतो. परंतु उतारावरच्या वरच्या खाचरांतील माती उथळ असते. पाऊस उघडताच तेथील ओल ओसरते, आणि गरवे भात नेमके दाणे भरण्याच्या वेळी पाण्यावाचून राहून पोचट होते. खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांत तेच भात उत्तम पिकते. कोणते खाचर किती दिवस ओल धरते, हे कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते. ते त्या खाचरात तीस-चाळीस पावसाळे काढलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असते. ज्याच्याकडे दोन एकरही जमीन नाही, त्याच्या घरी पोचट दाण्याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. त्या घराचा विश्वास एकदा गेला म्हणजे पुढील दहा चांगले सल्लेही ऐकले जात नाहीत.

राबाचीही गोष्ट अशीच आहे. शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या जमिनीवर पसरून जाळण्याची ही रीत पाहून नवा कार्यकर्ता तिला अज्ञान समजतो. जाणत्या शेतकऱ्यापाशी घटकाभर बसले तर कळते की राब भाजल्याने तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि आवणीच्या वेळी रोपे मुळांसकट सहज उपटता येतात. एवढे समजल्यावरच गादीवाफ्याची शिफारस नीट करता येते. चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची काळी राख सांगितली आहे. तिच्यातील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. परंतु तण कसे आवरेल आणि रोपे सहज कशी निघतील, या दोन प्रश्नांची उत्तरे जो देऊ शकत नाही, त्याचे शेतकऱ्याने का ऐकावे?

गुरूच्या शोधाचे थोर उदाहरण याच मुलखाने पाहिले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी व कोसबाड ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. अनुताई वाघ या ताराबाईंच्या हाताखाली रुजू झाल्या तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती व अध्यापनाचा अनुभवही त्यांच्या गाठी होता. तरीही नव्या कामात आपण विद्यार्थिनी आहोत हे त्यांनी मानले. स्वतः ताराबाईंनीही पूर्वी राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद सोडून भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यापाशी बालशिक्षणाचे पाठ घेतले होते. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेण्यात आली. १९७३ साली ताराबाई निवर्तल्यावर अनुताईंनी ती धुरा पुढे वाहिली. ज्याला शिकवावयाचे त्याच्या दारी आधी जावे, हाच या परंपरेचा धडा होय. विस्तारकार्याचेही मर्म याहून निराळे नाही.

गुरू निवडावा कसा? कार्यकर्त्याला वस्तुतः दोन गुरू हवेत. एक आपल्या क्षेत्रातील शेतकरी व दुसरा आपल्याच खात्यातील वडीलधारा सहकारी. शेतकरी निवडताना डांबरी रस्त्यालगतच्या, पाहुण्यांना नेहमी दाखविल्या जाणाऱ्या शेतावरच थांबू नये. आतल्या पाड्यावर थोड्या जमिनीत भात, वरकसावर नागली व वरई, आणि भातानंतरच्या ओलीवर वाल घेणारा ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी शेतकरी अधिक शिकवू शकेल. घरात बियाणे राखणारी व आवणीत चिखलात उभी राहणारी बाई तर पुष्कळदा त्याहूनही अधिक जाणते. परंतु सभेत ती मागे बसते म्हणून तिला कोणी विचारत नाही. सहकारी निवडताना दप्तर कोणाचे नेटके आहे एवढेच पाहू नये. अडचणीच्या वेळी शेतकरी कोणाचे नाव घेतात ते पाहावे. योजनेचे रकाने भरावयास शिकविणारे पुष्कळ भेटतात. ते ज्ञानही आवश्यक आहे, परंतु तेवढ्यावर थांबणारा कार्यकर्ता कारकून होतो.

यावर कोणी म्हणेल की शेतकऱ्यालाच गुरू केले तर नवे ज्ञान गावात नेणार कोण? हा आक्षेप रास्त आहे. गुरूचे सर्वच म्हणणे खरे मानावे असा येथे आग्रह नाही. कीड दिसताच दाट फवारणी करावी, युरिया टाकला की पीक सुधारते, असे चुकीचे समज जाणत्या शेतकऱ्याच्याही मनात असतात. तेथे कार्यकर्त्याने गप्प बसू नये. मात्र वाद घालण्याऐवजी गुरूच्याच एक-दोन गुंठ्यांत प्रयोग करावा. चारसूत्रीतील युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचावी, शेजारी नेहमीच्या रीतीचा तुकडा ठेवावा आणि कापणीला दोघांनी मिळून दाणे मोजावेत. अशा रीतीने गुरूही शिकतो आणि त्या पाड्यावर नव्या पद्धतीला पहिला साक्षीदार मिळतो. प्रश्न उरलाच तर कर्जतचे भात संशोधन केंद्र दूर नाही. गुरूला बरोबर घेऊन तेथे जावे.

वरिष्ठांचेही यात कर्तव्य आहे. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात उद्दिष्टांच्या ओझ्याखाली दडपले तर तो शिकणार केव्हा? प्रत्येक नवख्याला एका अनुभवी सहकाऱ्याबरोबर एक पूर्ण खरीप हंगाम फिरू द्यावे. यात वेळ वाया जात नाही. पुढच्या अनेक वर्षांच्या चुका टळतात.

कार्यकर्त्याने मात्र या व्यवस्थेची वाट पाहत बसू नये. गुरू हुकुमाने मिळत नाही, तो मागावा लागतो. आवणीच्या दिवसांत पायांतील जोडा बांधावर ठेवून खाचरात उतरावे, हाती रोपांची जुडी घ्यावी आणि विचारावे, “बाबा, या खाचरात तुम्ही हेच भात का लावता?” हा प्रश्न विचारण्यास ज्याला संकोच वाटत नाही, त्याच्या सल्ल्याला पुढे त्या पाड्यावर मान मिळतो.